बायोरिअ‍ॅक्टर क्षेपणभूमी

बायोरिअ‍ॅक्टर क्षेपणभूमी ही घनकचऱ्याच्या विल्हेवाटीची एक पद्धत आहे. तिच्यात कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी, म्हणजेच लिचेट, गोळा करून पुन्हा त्याच कचऱ्यात सोडले जाते. झाकून कोरड्या ठेवलेल्या कचऱ्यात सूक्ष्मजीवांना पुरेसे पाणी मिळत नाही व विघटन अनेक दशके रेंगाळते. ओलावा राखल्यास ते काही वर्षांतच बरेच पुढे जाते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत फ्रेडरिक पोहलँड यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांना या तंत्राच्या विकासात महत्त्वाचे स्थान आहे.

कार्यपद्धती

क्षेपणभूमीच्या तळाशी चिकणमाती आणि सुमारे १.५ मिमी जाडीच्या प्लास्टिकचे अस्तर असते. त्यावरील खडीच्या थरात बसवलेल्या सच्छिद्र नळ्यांतून लिचेट टाकीत जमा होते आणि पंपाद्वारे आडव्या चरांतून किंवा उभ्या विहिरींतून कचऱ्यात परत सोडले जाते. कचऱ्यातील ओलावा साधारणतः ३५ ते ६५ टक्के राखतात.

विघटनात प्रथम सेंद्रिय पदार्थांपासून आम्ले तयार होतात. त्यानंतर मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांचे रूपांतर मिथेन व कार्बन डायऑक्साइडमध्ये करतात. या सूक्ष्मजीवांना सामू ७ च्या आसपास लागतो. त्यामुळे ताज्या कचऱ्यात सुरुवातीलाच भरमसाट लिचेट सोडल्यास आम्लता वाढून विघटन उलट अडते. पुनर्चक्रणाने लिचेटमधील सेंद्रिय भार घटतो. अमोनिया मात्र ऑक्सिजनविरहित स्थितीत नष्ट न होता साठत जातो. साहजिकच शुद्धीकरण प्रकल्पाची गरज संपत नाही.

धोके

अतिरिक्त द्रवामुळे कचऱ्याच्या ढिगाची स्थिरता धोक्यात येते. कोलंबियाची राजधानी बोगोता येथील दोन्या हुआना क्षेपणभूमीत २७ सप्टेंबर १९९७ रोजी लाखो टन कचरा घसरला. लिचेट परत सोडल्याने ढिगाच्या आत वाढलेला द्रवदाब हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे नंतरच्या अभ्यासांत आढळले. अमेरिकी नियमांनुसार अस्तरावर साचलेल्या लिचेटची खोली ३० सेंमीपेक्षा कमी ठेवावी लागते.

भारतातील वापर

भारतीय शहरांच्या कचऱ्यात ओल्या कचऱ्याचे प्रमाण मुळातच मोठे असते आणि पावसाळ्यात पाण्याची भर पडते. त्यामुळे येथे पाणी पुरवण्यापेक्षा ते आवरणे अधिक कठीण ठरते. मुंबईत ठाणे खाडीलगतच्या कांजूरमार्ग क्षेपणभूमीत ही पद्धत वापरली जाते. तेथील दुर्गंधीविषयी परिसरातील रहिवाशांच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत.