गाठीमागे एक रुपया

धनजच्या घरात माजघर कापसानं भरलंय. भाव चढेल म्हणून तुम्ही तो अजून काढलेला नाही. धाकटा वाशीच्या बाजारात कामाला लागलाय आणि खोली मिळत नाही म्हणून फोनवर फोन करतोय. तो विषय थोडा बाजूला ठेवा. कापूस बंडीत भरा आणि चला, साल १९२२.

बंडी कारंज्याच्या वाटेला लागते. गावात जिन-प्रेसचा धूर, सरकीचा वास, काट्यावर दलालांची घाई. तुमचा कापूस दाबून त्याच्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या गाठी होतात. पुढे लोक जिला शकुंतला म्हणणार, त्या छोट्या गाडीनं त्या मूर्तिजापूरला पोचतात. तिथं हमाल त्या पाठीवर घेऊन मोठ्या गाडीच्या डब्यात रचतात. तुम्हीही गाठींच्या आडोशाला बसून घ्या. मुंबईपर्यंत कुणी हटकणार नाही.

मुंबईत शिरताच गाठीमागे एक रुपया कर कापला जातो. तुमच्या पावतीवर तो दिसणार नाही, पण व्यापारी काही तो आपल्या खिशातून भरत नाही. हा कर १९२० पासूनचा. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारनं कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरवलं, त्यासाठी कर्ज काढलं आणि जोडीला कापसावर हा रुपया बसवला. खातं निघालं ते बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्याच्याच बीडीडी चाळी. वऱ्हाडातून मुंबईत गेलेल्या प्रत्येक गाठीनं त्या चाळींना हातभार लावला, हे आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही.

आता वरळीत उतरा. समोर चाळींच्या रांगा उठताहेत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, सगळं सिमेंट-काँक्रीटचं. खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांना मिळून. पन्नास हजारांचा बेत होता. उभ्या राहिल्या २०७ चाळी आणि साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या: वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी.

चार-पाच वर्षं पुढे सरका आणि एका जिन्यानं वर जा. दार ढकला, आत कुणी नाही. शेजारचं दार ढकला, तिथंही नाही. खाली एक गिरणी कामगार विडी ओढत उभा आहे, त्याला विचारा.

‘कावो भाऊ, खोल्या रिकाम्या काऊन?’

तो तुमच्या बोलीकडे बघून हसतो. ‘भाडं परवडत नाय. आनि गिरनी इथनं लांब. आमी परळला धा-बारा जन एका खोलीत राहतो, ते बरं.’

ज्याच्यासाठी खोली बांधली त्यालाच ती परवडली नाही. हजारो खोल्या तशाच पडून राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात सरकारनं वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. माणसं राहायला आली ती नंतर, आणि मग त्याच चाळींनी कामगारांच्या पिढ्या सांभाळल्या. तिथल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या पाचशे चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या त्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी.

खाडी ओलांडा. १९७०. सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आहे आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाताहेत. भातशेतीच्या बांधावर थांबा जरा. कापसाची असो की भाताची, जमीन जाणं काय असतं ते तुम्हाला समजावून सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये जासई-पागोटे भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरतात, गोळीबार होतो, पाच जण जातात. वाशीचे चौक, स्टेशनं, ट्रक उभे करायची मैदानं, हे सगळं त्या जमिनीवर आहे. ती सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतलेली जमीन आहे.

आता २०२५ मध्ये या. समृद्धी महामार्ग पूर्ण झालाय. तुमच्या तुरीचा ट्रक कारंज्याजवळ चढला तो थेट मुंबईच्या दिशेनं सुटला. वाशीच्या बाजार समितीपाशी ट्रक टर्मिनल आहे. ड्रायव्हर केबिनमध्येच चादर पसरतो. तुम्ही मात्र मान वर करून बघा, इथं सिडकोच्या घरांच्या इमारती आहेत.

कल्पना चांगलीच होती, हे मी मनापासून म्हणतो. डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणला पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ९० हजार घरांच्या योजनेचं भूमिपूजन झालं. जागा कोणत्या, तर ट्रक टर्मिनल, बस आगारं, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर स्टेशनांसमोरची आवारं. शहराच्या मधोमध नुसती गाड्या उभ्या करायला ठेवलेली सरकारी जमीन. तिथं घरं आली तर कामगार स्टेशनापासून चालत घरी जातो, दोन बस आणि रिक्षा वाचतात. आमच्या स्टेशनासमोरची मोकळी जागा घेऊ नका, असं म्हणत स्थानिक रहिवासीही उभे राहिले. त्यांचंही ऐकलंच पाहिजे. गाड्यांची जागा गेली तर ट्रक रस्त्यावर येतील. पण खाली गाड्या आणि वर घरं, हे बांधणाऱ्यांना अवघड नाही.

गाडं अडलं किमतीवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ हजार घरांची सोडत जाहीर झाली, किमती जानेवारीत कळल्या. तळोज्यात सुमारे २५ लाखांपासून सुरुवात. वाशी ट्रक टर्मिनलला ७४ लाखांच्या घरात, खारघर स्टेशनाजवळ तर ९७ लाख, आणि तेही ‘अल्प उत्पन्न गट’ अशा नावाखाली. महिना २५ हजार कमावणाऱ्यानं एक घास न खाता सगळा पगार भरला, तरी वाशीच्या घराला जवळपास २५ वर्षं लागतील. नंबर लागूनही अनेकांनी घर नाकारलं. २०२५ च्या अखेरीस किमती दहा टक्के उतरवण्याची घोषणा करावी लागली.

वरळीच्या रिकाम्या खोल्या तुम्ही पाहून आलात. शंभर वर्षांपूर्वी भाड्यानं जे केलं, तेच आता किमतीनं केलंय. जमीन शेतकऱ्याची, घेतली सार्वजनिक हितासाठी. तिच्यावरच्या घरात तिचा बाजारभाव ट्रकमधला माल उतरवणाऱ्या माणसाकडून वसूल होता कामा नये. बांधकामाचा खर्च घ्या, तोही हप्त्यांनी, नाहीतर घरं परवडणाऱ्या भाड्यानं द्या. एवढं जमत नसेल तर ‘परवडणारी घरं’ हे नाव काढून टाका.

तुमचा धाकटा अजून वाशीत खोली शोधतोय. पुढच्या सोडतीची जाहिरात आली की आधी किंमत वाचा, मग कारंज्याच्या आमदाराला लेखी विचारा: ही जमीन कुणाची होती, आणि तिचे पैसे आमच्या पोरानं का भरायचे? हा प्रश्न विचारायचा हक्क वऱ्हाडानं गाठीमागे एक रुपया मोजून कधीच मिळवलाय.