पुस्तक कोणत्या नदीकाठचं?

बर्फ कारखान्यातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र गच्चीवर असतं, हे कारखान्याच्या मालकालाही पटवून द्यावं लागतं. त्याला कॉम्प्रेसर दिसतो, कारण तो आवाज करतो. पण मिठाच्या पाण्यातून उचललेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने तिच्यात घातलेली भर शेवटी कुठेतरी टाकावी लागते. ती टाकायची जागा म्हणजे कंडेन्सर. माझी नोकरी आणि नंतरचा धंदा, दोन्ही या टाकण्यातच गेलं. मराठवाड्यात उष्णता टाकायची म्हणजे पाणी खर्चायचं, आणि हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये धड लिहिलेला नसतो.

मुंबईने बर्फ आधी विकत घेतला, नंतर बनवला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ भुश्यात गुंडाळून कलकत्त्याला धाडला. निघताना १८० टन होता, पोचला तो सुमारे १०० टन. पुढच्या वर्षी मुंबईतही अमेरिकेचा बर्फ उतरला. १८७०च्या दशकात जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडेने अमोनियावर चालणारं यंत्र वापरात आणलं आणि बोटीतला बर्फ हळूहळू मागे पडला. आपल्याकडे पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ साली निघाली आणि हडपसरचे अमोनिया कॉम्प्रेसर गावोगाव पोचले. यंत्र तेच असलं तरी गावाचं पाणी वेगळं असतं, हे मात्र कुणी पेटीवर छापून पाठवत नाही.

जुना बर्फ कारखाना ज्याने पाहिला असेल त्याला वरचा कंडेन्सर आठवेल. लोखंडी नळ्यांची एकावर एक रचलेली जाळी, आत अमोनिया, वरून पन्हाळीतून ठिबकणारं पाणी, खाली हौद, आणि नळ्यांवर हिरवं शेवाळ. नळ्या लोखंडीच लागतात, कारण अमोनिया तांब्या-पितळेला खातो. खाली ब्राइनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे उभे. ब्राइन उणे १० अंशावर असेल तर ११ इंच जाडीच्या लादीला गोठायला जवळजवळ दोन दिवस लागतात. जाडी निम्मी केली की वेळ पाव होतो, पण पातळ लादी गाडीवर नेईपर्यंत वितळते, म्हणून गिऱ्हाईक जाडच मागतं. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि त्यातले क्षार मधोमध ढकलले जातात. पाणी जड असेल तर लादीचा गाभा पांढरा होतो आणि लादी तडकते. रसवंतीवाला अशा लादीला दोन शिव्या देऊन घेतो, सरबतवाला घेतच नाही.

या जड पाण्यावरून एका मिस्त्रीने मला गप्प केलं होतं. लातूरच्या एका कारखान्यात मी नळ्यांवर किती थर बसेल याची पुस्तकातली तरतूद समजावत होतो. नदीच्या पाण्याला इतकी, विहिरीच्या पाण्याला इतकी. त्याने ऐकून घेतलं, मग उघडलेल्या कंडेन्सरमधून चुन्याची अंगठाभर जाड नळी काढून माझ्या हातात ठेवली. लोखंडी नळीच्या आत दगडाची नळी तयार झाली होती. “साहेब, हे पुस्तक कोन्त्या नदीकाठचं हाय?”

तो बरोबर होता. आमची कोष्टकं परदेशी नद्यांवर बेतलेली. इथे काळ्या पाषाणातून शेकडो फूट खालचं बोअरचं पाणी वर यायचं. थर बसला की उष्णता जात नाही, अमोनियाचा दाब चढतो, मोटार जास्त अँपिअर ओढते, आणि मालक विजेच्या बिलावरून वायरमनशी भांडतो. त्यामुळे आमच्याकडे उभा शेल अँड ट्यूब कंडेन्सर लोकांना आवडला. त्याच्या नळ्या वरून उघड्या असतात. प्लांट चालू ठेवून ब्रश खाली सोडता येतो. कार्यक्षमतेच्या तक्त्यात तो पहिला येत नाही, पण मे महिन्यात कारखाना बंद ठेवून धुवायची चैन कुणाला परवडते?

हवेच्या बाबतीत मात्र मराठवाडा नशीबवान आहे, हे सांगितलं की लोक हसतात. नांदेडला पारा ४२ वर असतो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की ओल्या फडक्याचा थर्मामीटर, म्हणजे वेट बल्ब, तेवीस-चोवीसच दाखवतो. मुंबईत पारा ३४ वर असला तरी तोच आकडा २८-२९ असतो. कूलिंग टॉवरमधलं पाणी वेट बल्बच्या जवळ जाऊ शकतं, त्याच्या खाली नाही. म्हणजे भर उन्हाळ्यात आमचा टॉवर मुंबईच्या टॉवरपेक्षा गार पाणी देतो. माठ जे करतो तेच, फक्त पंख्याने. डिझाइन करताना मला मे महिन्यापेक्षा पाऊस लागल्यानंतरच्या उकाड्याची जास्त धास्ती असायची.

माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं. त्या पाझराचा हिशेब असा. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे तासाला ३०२४ किलोकॅलरी. कॉम्प्रेसरची भर धरून तासाला साधारण साडेसहा लिटर पाणी वाफ होऊन उडतं. १०० टनांचा प्लांट दिवसभर चालला तर सुमारे १६ हजार लिटर. वाफ क्षार नेत नाही, ते मागे साठतात, म्हणून काही पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं. पाणी चांगलं असेल तर उडालेल्याच्या निम्मं. बोअरचं असेल तर उडालं तितकंच. जिथे पाणी कमी, तिथे ते जड, आणि जड म्हणून जास्त सांडायचं. लातुरात दिवसाला ३२ हजार लिटर.

नांदेडला गोदावरी आहे, वर विष्णुपुरीचा जलाशय आहे. लातूर मांजरेवर. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ज्या मार्गाने ती आली, तो एके काळचा बार्शी लाइट रेल्वेचा. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ती अरुंद गाडी १९११ साली लातूरला पोचली होती, धान्य-कापूस बाहेर न्यायला. तिच्या वाटेने शंभर वर्षांनी पाणी आत आलं. मी वाघिणींचा आकडा वाचला आणि धंद्याच्या सवयीने भागाकार केला: १०० टनांचा एक प्लांट एक वाघीण दीड दिवसात संपवतो. त्या उन्हाळ्यात कंडेन्सरला कुणी पाणी मागू नये, हेच योग्य होतं. पण शीतगृहातली चिंच काळी पडायची थांबत नाही आणि संकलनाचं दूधही वाट पाहत नाही.

दुधाचं तंत्र यात थोडं शहाणं निघालं. उदगीरला सरकारी दूध भुकटी प्रकल्प होता, पुढे तो बंद पडला. पण दूध शीतकरण केंद्रांची पद्धत सगळीकडे सारखीच. १० हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ वर आणायचं तर तीन लाख किलोकॅलरी काढाव्या लागतात, आणि दूध येतं फक्त सकाळ-संध्याकाळ. म्हणून मोठा प्लांट न घालता रात्रभर टाकीतल्या कॉइलभोवती पावणेचार टन बर्फ जमवायचा आणि सकाळी त्याचं गार पाणी प्लेटच्या हीट एक्स्चेंजरमधून फिरवायचं. भारनियमनाच्या वर्षांत या आइस बँकेने पुष्कळ दूध नासण्यापासून वाचवलं. रात्री वेट बल्बही उतरलेला असतो, तेवढा कॉम्प्रेसरवरचा ताण कमी.

पाणीच नको म्हणून हवेवर चालणारा कंडेन्सर सुचवणारे विक्रेते २०१६ नंतर लातुरात बरेच आले. त्यांचं गणित अर्धं खरं. बाहेर ४२ अंश असताना अमोनियाला ५५ च्या आसपास न्यावं लागतं, दाब २० बारच्या वर जातो आणि वीज बरीच वाढते. ती वीज येते कुठून? शेजारचं परळीचं औष्णिक केंद्र २०१३ साली पाण्याअभावीच बंद ठेवावं लागलं होतं. इथलं पाणी वाचवून तिथलं खर्चायचं, असा तो व्यवहार. मी मधला मार्ग सुचवतो: वर्षातले बरेच महिने कोरडा चालणारा आणि ऐन दुपारीच पाणी फवारणारा. महाग पडतो. तरी अलीकडे लातूरचा मालक प्लांट किती टनांचा हवा हे सांगण्याआधी बोअरला किती इंच पाणी लागलंय ते सांगतो, आणि मी तोच आकडा कागदावर पहिला लिहितो.