व्हीसीडीतले नाना



परवा नातवाने विचारलं, "आजोबा, मावशीच्या लग्नात व्हिडिओ एच264 मध्ये काढू की एच265 मध्ये?" मी कॉमर्सचा माणूस, आयुष्य बँकेत गेलं. पण या प्रश्नाचं उत्तर मी किंमत मोजून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1992 च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न इथेच बमरोलीत झालं. ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबार-अमळनेरकडचे पाहुणे उधन्याला उतरले. व्हिडिओवाल्याच्या खांद्यावर व्हीएचएसचा भला मोठा कॅमेरा आणि मागे हॅलोजन धरलेला पोऱ्या. त्या उजेडात निम्मं वऱ्हाड डोळे मिचकावतंय. कॅमेऱ्यात सीसीडी होती. विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 1969 मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये शोधलेली. त्याबद्दल 2009 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पण घरगुती कॅमेऱ्यांतल्या त्या काळच्या सीसीडीला प्रकाश लागायचा भरपूर, म्हणून तो हॅलोजन. आजच्या फोनमध्ये सीमॉस सेन्सर असतो. वीज कमी खातो, स्वस्त पडतो, पण चित्र ओळीओळीने वाचतो. धावत्या गाडीतून व्हिडिओ काढा, बाहेरचे विजेचे खांब तिरके दिसतील. फुकट काहीच नाही.

मेगापिक्सेलचंही तसंच. एका गुंठ्याचे चार प्लॉट पाडा नाहीतर सोळा, जमीन तेवढीच. ठिपके वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा उजेड घटतो. म्हणून तर अनेक फोन अंधारात चार-चार ठिपके जोडून एक करतात. (म्हणजे जाहिरातीतला आकडा रात्री चौथाईवर!) लेन्सचं तोंड मोठं उघडलं तर उजेड जास्त, पण मोठ्या कॅमेऱ्यात मग नवरी स्पष्ट आणि मागे उभा मामा धूसर.

आता मूळ गोष्ट. 2003 मध्ये ती कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, डीव्हीमध्ये घेऊन ठेवा." डीव्हीत प्रत्येक चित्र स्वतंत्र, सेकंदाला 25 मेगाबिट, तासाला साधारण 13 जीबी. कॅसेट तीन तासांची आणि घरच्या कॉम्प्युटरची डिस्क 40 जीबीची. दुसरा पर्याय व्हीसीडी. सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबिट, तासाभराचं लग्न एका साध्या सीडीत. मी घासाघीस करून व्हीसीडी घेतली आणि पैसे वाचवल्याच्या आनंदात घरी आलो.

ही बचत कुठून येते, ते बँकवाल्याला लगेच कळतं. लेजरमध्ये आपण रोज सगळा इतिहास लिहीत नाही. मागची शिल्लक पुढे आणतो आणि फक्त जमा-नावे लिहितो. कोडेकही तेच करतो. एक पूर्ण चित्र, मग पुढच्या चित्रांत काय बदललं एवढंच. शिवाय प्रत्येक चित्राचे छोटे चौकोन करून त्यातले बारीक तपशील गाळायचे. त्यामागचं गणित, डीसीटी, बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 1974 मध्ये प्रसिद्ध केलं. मी बँकेत लागलो ते साल. जेपीईजी फोटोपासून एच264 पर्यंत सगळं त्याच घराण्यातलं.

भटजी नुसते बसून असतात तोवर ही वही उत्तम चालते, कारण नोंद करायला काही नसतं. पण "सावधान" झालं, अक्षता उडाल्या, की हजार दाणे हजार दिशांना. सगळ्याच नोंदी बदलतात आणि लिहायला जागा सव्वा मेगाबिटची. मग चित्राचे ठोकळे होतात. आमचे नाना, म्हणजे वडील, त्या क्षणी कॅमेऱ्यासमोर आहेत. हात वर, तोंडभर हसू असणार. व्हीसीडीत त्यांच्या चेहऱ्याच्या जागी पाच-सहा चौकोन आहेत. आवाज मात्र स्वच्छ: "अगं, तांदूळ इकडे दे!"

मूळ कॅसेट बहिणीकडे अडाजणला, तळमजल्यावर. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं, तापी शहरात शिरली. कॅसेट चिखलातून निघाली ती फेकावीच लागली. नाना 1996 मध्येच गेले होते. त्यांचं चालतं-बोलतं चित्रण तेवढंच.

मागच्या दिवाळीत नातवाने ती क्लिप एआयच्या सॉफ्टवेअरमधून काढली. चेहरा एकदम लख्ख झाला. सगळे वा वा करत होते. बहीण बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "दादा, हे नाना नाहीत रे." खरंच नव्हते. जो तपशील मी 2003 मध्ये गाळला, तो मशीनने स्वतःच्या मनाने भरला होता. बँकेत याला खोटी नोंद म्हणतात.

तर नातवाला उत्तर दिलं: एच264 आला 2003 मध्ये, एच265 2013 मध्ये. नवा तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा घेतो, पण त्याला गणित जास्त करावं लागतं, जुन्या टीव्हीवर चालेलच असं नाही. दोन्हींपैकी कोणताही घे, बिटरेट मात्र उतरवू नकोस. सेकंदाला 25 किंवा 50 चित्रं ठेव, आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, नाहीतर मांडवातले दिवे लुकलुकतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत जपून मूळ फाइल पुसू नकोस, ती पुन्हा दाबलेली असते. मूळ फाइल दोन डिस्कवर. एक इथे, एक अडाजणला. या वेळी तिसऱ्या मजल्यावर.

कुणाच्या माळ्यावर व्हीएचएस असतील तर कॉपी करून झाल्यावरही टाकू नका, कोरड्या जागी उभ्या ठेवा. आणि मे 1992 च्या त्या लग्नाला आलेल्या कुणाकडे नानांचा एखादा फोटो असेल, तर कृपया कळवा.