भुकेच्या पोटी साखर

दिवाळीच्या फराळाचे ताट आले, की आमच्या घरी आधी दादाकडे पाहण्याची रीत पडली आहे. तो चकलीचा एक तुकडा मोडून घेतो, करंजी बाजूला सारतो आणि हसून म्हणतो, "साखर माझ्यापाशी पुष्कळ आहे, तुम्ही खा." दादा पहिल्यापासून अंगाने काटकुळा. २०१४ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याला मधुमेह निघाला तेव्हा सारे गाव म्हणाले, "ह्या हाडकुळ्या माणसाला श्रीमंताचा रोग कसा झाला?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मतः आलेला, दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. बारीक माणसालाही हा रोग गाठतो हे पूर्वजांना ठाऊक होते. विसरलो ते आपण! उपचारही माणूस पाहून सांगितलेले आहेत. निर्धनाने अनवाणी, छत्रीवाचून शंभर योजने चालावे. धनवानाने सावा-देवभातासारख्या रानधान्यावर राहावे. इतरांनी सतत शेत कसावे किंवा विहीर खणावी.

परंतु एवढ्याने सर्वांचेच भागत नसे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड टॉम्सन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि तो पुढे तेरा वर्षे जगला. तत्पूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवून मरण थोडे लांबवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते.

आता आमच्या मुलखाकडे वळू. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. तो स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. १९७२ साली पावसाने दगा दिला. दादा पोटात असताना आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. घरात परदेशातून आलेला तांबडा मिलो, कामावर मिळणारी सुकडी, आणि पाण्यासाठी पायपीट. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. अनवाणी चालणे, खणणे, मिळेल ते कदान्न खाणे, सुश्रुताचे सारे उपचार ह्या लोकांनी रोगाच्या आधीच करून टाकले होते! मग त्यांच्या लेकरांना हा रोग का व्हावा?

ह्याचा धागा मला पुण्यास सापडला. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु आपल्या किरकोळ बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती; घटले होते ते स्नायू. पुढे २००४ साली याज्ञिकांनी इंग्रज सहकारी युडकिन यांच्याशेजारी स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आईच्या पोटात उपाशी राहिलेले शरीर काटकसर शिकते; पुढे अन्न मुबलक झाले, की तीच काटकसर अंगावर उलटते, असा हा विचार आहे. आमच्याकडेही १९७६ नंतर जायकवाडीचे पाणी आले, मागोमाग ऊस आला, आणि बाजरीच्या ताटात गहू, भात, साखर वाढली.

दादाच्या बाबतीत नेमके हेच घडले, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तरी हे सारे मी घरी सांगितले, तेव्हा आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याच पोटात त्याला दुखणं लागलं म्हणायचं का?"

मी शाळेत इतिहास शिकवतो; पण त्या क्षणी मला उत्तर सुचेना. दादाच म्हणाला, "आई, तू उपाशी राहिलीस म्हणून मी आहे. दुष्काळाचा दोष तू कशाला घेतेस?"

दादाचा दिनक्रम आता ठरलेला आहे. सकाळी उपाशीपोटी बोटातले थेंबभर रक्त तपासायचे, गोळी वेळेवर घ्यायची, जेवणाची वेळ चुकवायची नाही, रोज चालायचे, रात्री तळपाय निरखायचे. एका लक्ष्मीपूजनाला मात्र फराळासाठी जागा ठेवावी म्हणून त्याने गोळी घेऊन जेवण टाळले. संध्याकाळी दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. साखर वाढण्याइतकेच तिचे एकाएकी उतरणेही घातक. ती ७० च्या खाली गेली, तर माणूस शुद्धीवर असेतो तीन चमचे साखर द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. त्या दिवशी ती साखर आईनेच त्याला भरवली.

तेव्हापासून आईच्या कमरेच्या पिशवीत सुपारीशेजारी साखरेची एक पुडी असते. पणत्या लावताना ती मधूनच पुडी चाचपून पाहते, आणि मग दादाला हाक मारते, "जेवलास का रे?"