तळटीप : सुरुंग
सुरुंग – संस्कृत 'सुरुङ्गा', म्हणजे भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द आढळतो. नळी, पावा या अर्थाच्या 'सिरिंक्स' या ग्रीक शब्दाशी अनेक अभ्यासक त्याचे नाते जोडतात, 'सिरिंज'ही तिथलीच. म्हणजे हे नाव मुळात पोकळीचे, स्फोटाचे नव्हे. वेढा घालणारे तटाच्या पायाखाली भुयार खणत, वरच्या भाराला लाकडी टेकू देत आणि शेवटी ते टेकू जाळून तट खाली बसवत. पुढे टेकूंच्या जागी दारू आली आणि अर्थ धडाक्याकडे सरकला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० च्या भर पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने झुंजवलेला चाकणचा कोट बुरूज सुरुंगाने उडाल्यावरच पडला. १७०० मध्ये साताऱ्यास मात्र उडालेला तट औरंगजेबाच्याच फौजेवर कोसळला.

प्रस्तुत उताऱ्यात गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याने 'सुरुंग लावला' तो विहिरीच्या कातळाला : खडकात भोक पाडायचे, दारू ठासायची, वात पेटवून लांब पळायचे. येथे भुयार नाहीच. तटाखालचा शब्द पाण्यासाठी राबू लागला, हा त्याचा सर्वांत मोलाचा प्रवास.