२८ डिसेंबर आणि ठाण्याची खाडी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वकांठीं घणसोली हें आगरी-कोळी वस्तीचें जुनें गांव आहे. आज तें नवी मुंबईंत मोडतें. समोर पाण्यापलीकडे साष्टी बेट आणि वरच्या अंगास दोनतीन कोसांवर ठाणें. या स्थळावरून पाहिलें असतां २८ डिसेंबर या एकाच तारखेस घडलेल्या दोन गोष्टींचा अर्थ नीट उलगडतो, असें आम्हांस वाटतें.

पहिली गोष्ट इ. स. १७७४ ची. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर पुणें दरबारांत दुफळी माजली. राघोबादादांनीं मुंबईकर इंग्रजांशीं बोलणें लाविलें; इंग्रजांचा डोळा मात्र साष्टी व वसई यांवर होता. इतक्यांत, गमावलेला मुलूख परत घेण्यास पोर्तुगीज निघाले आहेत, अशी बातमी मुंबईस आली. त्यांच्या आधीं आपणच हात घालावा असें इंग्रजांनीं ठरविलें. जनरल गॉर्डनच्या हाताखालीं ६२० गोरे, १००० शिपाई व तोफखान्याचे २०० खलाशी ठाण्यावर आले. २० डिसेंबरास तोफा सुरू झाल्या. खंदक बुजविण्याचा पहिला प्रयत्न मराठी शिबंदीनें हाणून पाडला. त्यांत शंभर गोऱ्यांची हानि झाली. दुसरे दिवशीं, २८ तारखेस सायंकाळीं, किल्ला हल्ल्यानें पडला व शिबंदीपैकीं बहुतेकांची कत्तल झाली. १७३७ पासून सदतीस वर्षें मराठ्यांकडे असलेलें ठाणें असें गेलें.

या प्रसंगाचा परिणाम नकाशावर दिसतो. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई व कल्याण पेशव्यांस परत मिळालीं, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे १८१७-१८ पर्यंत पश्चिमतीरीं कंपनीचा अंमल व पूर्वतीरीं बेलापुरापावेतों पेशव्यांचा, अशी स्थिति होती. घणसोली हें त्या काळीं सरहद्दीचें गांव ठरतें. मध्यें भिंत नव्हती, चौकीची रेघ नव्हती. भरतीओहोटीचें पाणी तेवढें होतें.

दुसरी गोष्ट १८८५ ची. राष्ट्रीय सभेची पहिली बैठक पुण्यास भरावयाची होती. तेथें पटकी सुरू झाल्यामुळें ती मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत हलविली गेली. २८ डिसेंबर रोजीं व्योमेशचंद्र बानर्जी यांच्या अध्यक्षतेखालीं ७२ प्रतिनिधि जमले. त्यांचा सूर राजनिष्ठेचा होता. तरी त्याच पाठशाळेजवळच्या गवालिया तलावावर १९४२ सालीं ‘चले जाव’ची घोषणा झाली.

या योगावरून दैवाचा हात काढून दाखविण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. तारीख जुळते, तिथि जुळत नाही. शके १६९६ व शके १८०७ या दोन्ही वर्षीं मार्गशीर्ष वद्य पक्षच होता, तथापि तिथींत तीनचार दिवसांचें अंतर पडतें. आमच्या जुन्या कागदांच्या कालगणनेनें पाहूं गेल्यास हा योग मुळीं उरतच नाहीं. तो दिसतो तो जेत्यानें बरोबर आणलेल्या पंचांगांत. आणि आज आम्ही आपला इतिहास त्याच पंचांगानें मोजतों. जिंकल्या जाण्याचा हाहि एक भाग होय.

मग तारखेचा उपयोग काय? दोन टोंकें मनांत धरण्यास ती उपयोगी पडते. त्यांमधील १११ वर्षांचा कार्यकारणभाव कागदांतूनच शोधावा लागतो. ठाण्याच्या त्याच किल्ल्याचा इंग्रजांनीं तुरुंग केला, आणि १९ एप्रिल १९१० रोजीं अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हे तेथें फांशीं गेले. खाडीच्या या तीरावरील घणसोलीस आज स्वातंत्र्यसैनिकांचें गांव म्हणतात. १७७४ च्या शिबंदींतील पडलेल्यांचीं नांवें मात्र आम्हांपैकीं कोणाच्याहि तोंडीं नाहींत. त्यांचें स्मरण करण्यास २८ डिसेंबर हा दिवस पुरेसा आहे.