परदेशी संगीत शिकवण्यासाठी इंटरनेटवरील साधने

हैदराबादमधील आपल्या घरांत मुलांच्या कानावर मराठी, तेलुगू, हिंदी गाणी आपोआप पडतात. आफ्रिकेचे किंवा जावा बेटाचे संगीत मात्र शोधून ऐकवावे लागते. त्यासाठी आम्ही सर्वप्रथम स्मिथ्सोनियन फोकवेजचे संकेतस्थळ सुचवतो. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये काढलेली ही रेकॉर्ड कंपनी १९८७ मध्ये अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संस्थेकडे आली. तेथे गाण्यांचे नमुने ऐकता येतात, शिक्षकांसाठी तयार पाठ आहेत आणि रेकॉर्डसोबतच्या माहितीपुस्तिका मोफत डाउनलोड करता येतात. या पुस्तिका आम्हाला गाण्यांइतक्याच मोलाच्या वाटतात. वाद्य कोणते, गाणे कोणत्या प्रसंगाचे, हे त्यांतून कळते. यूट्यूबवर ही माहिती बहुधा नसते.

कीबोर्ड शिकणाऱ्यांसाठी आयएमएसएलपी हे २००६ पासूनचे संकेतस्थळ आहे. बाख, मोझार्ट यांच्या रचनांचे स्वरलेखन तेथे मोफत मिळते. पण भातखंडे पद्धत वाचणाऱ्या आपल्या शिक्षकांना पाच रेघांची लिपी आधी शिकावी लागेल.

मोफत म्हणजे हक्कमुक्त नव्हे. चेक पास करताना आधी तारीख पाहतात, तशी इथेही पाहावी. आयएमएसएलपी कॅनडाचा कायदा धरून चालते. भारतात रचनेवर रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीपासून ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो. वर्गात ऐकवणे वेगळे. तेच गाणे लावून बसवलेल्या गणेशोत्सवातल्या नाचाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा असेल, तर आधी परवानगी घ्यावी.